काउंटर गप्प राहतो तेव्हा

नव्याने रुजू झालेल्या संशोधकांना किरणोत्सर्गाविषयी सांगताना सुरुवात बहुधा शिशाच्या जाड भिंतींपासून होते. मी ती टेबलावरच्या एका लहानशा कुपीपासून करणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध अणुभट्टीशी नव्हे, तर मायक्रोलिटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या द्रावणांशी येतो. आणि अशा द्रावणापासून दूर राहणे एक वेळ सोपे असते, पण ते हातमोज्याला लागून आपल्याबरोबर खोलीभर हिंडू लागले तर ते ओळखणे अवघड असते.

फॉस्फरस-32 हे किरणोत्सर्गी द्रव्य घ्या. त्याचा अर्धायुकाल (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) सुमारे 14 दिवसांचा, बीटा कणांची कमाल ऊर्जा 1.71 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि हवेत त्यांची मजल जवळजवळ 6 मीटर. हे ऐकताच नवखा माणूस शिशाचा पत्रा शोधू लागतो आणि तिथेच फसतो. बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते शिशासारख्या जड अणुकेंद्रकाजवळून जाताना मंदावतात तेव्हा त्यांनी गमावलेल्या ऊर्जेतून क्ष-किरण निर्माण होतात, म्हणजे अडवायला लावलेला पत्राच नव्या किरणांचा उगम ठरतो. म्हणून स्रोताच्या बाजूला सुमारे 1 सेंटिमीटर जाडीचे ॲक्रिलिक हवे. साठा मोठा असेल तर शिसे लावावे, पण त्याच्या बाहेरून.

कुपी बोटांत न धरता चिमट्याने धरा, असे आम्ही वारंवार सांगतो. बिंदूएवढ्या स्रोतापासून बोटे 1 सेंटिमीटरवरून 10 सेंटिमीटरवर गेली, तर त्यांना मिळणारी मात्रा, म्हणजे शरीरात शोषला जाणारा किरणोत्सर्ग, साधारण शंभरावा हिस्सा उरते. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. शिवाय नवी कृती करण्यापूर्वी रंगीत पाणी घेऊन सगळे पिपेटिंग एकदा करून पाहावे. ही अक्षरशः रंगीत तालीम असते आणि तिच्यात वाचलेली मिनिटे प्रत्यक्ष कामात मात्रा कमी करतात. छातीवर लावलेला मात्रा मोजणारा बॅज बोटांचे काही सांगत नाही, त्यासाठी अंगठीसारखा मात्रामापक लागतो. किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (ICRP) संपूर्ण शरीरासाठी सुचवलेली मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात कमाल 50, तर हातांसाठी वर्षाला 500 मिलिसीव्हर्ट आहे. हे आकडे म्हणजे वर्षअखेर खर्चून टाकायचे अनुदान नव्हे.

आता ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार. याच्या बीटा कणांची कमाल ऊर्जा अवघी 18.6 हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. ते त्वचेचा मृत थर ओलांडत नाहीत, बॅजवर उमटत नाहीत आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरच्या खिडकीतूनही आत शिरत नाहीत. ते बाहेर असेपर्यंत निरुपद्रवीच. पण ट्रिटियमयुक्त पाणी श्वासातून, तोंडावाटे किंवा त्वचेतून शरीरात गेले की शरीरभर पसरते. एकदा एका प्रयोगशाळेत “काउंटर फिरवला, काही नाही” असे मला निःशंकपणे सांगण्यात आले. काम ट्रिटियमचे होते. गाळणकागदाचे ओलसर तुकडे जागोजागी फिरवून द्रव-स्फुरण मोजणीत (नमुना विशिष्ट द्रवात टाकून किरणोत्सर्गाने त्यात उठणारे प्रकाशाचे स्फुरण मोजण्याच्या पद्धतीत) घातले, तेव्हा फ्रीजची मूठ आणि नोंदवहीजवळचे पेन, दोन्ही दूषित निघाले. निरीक्षण लिहून ठेवण्याच्या घाईत कुणीतरी त्याच हातमोज्याने पेन उचलले होते. पेन तोंडात धरण्याची सवय किती जणांना असते, हे मी विचारत नाही.

आयोडीन-125 ची तऱ्हा आणखी वेगळी. द्रावण आम्ल झाले की आयोडीन वायुरूपात उडते आणि श्वासातून गेलेले थायरॉइडमध्ये साठते. त्यामुळे काम फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करावे आणि तपासणीसाठी सोडियम आयोडाइडचा शोधक (किरण टिपणारे उपकरण) वापरावा.

त्वचेला काही लागलेच, तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. ब्रशने खरवडू नका, कारण ओरखड्यातून दूषित द्रव्य आत जाते. आणि तपासणीनंतर नोंदवहीत नुसते “काही आढळले नाही” असे लिहू नका. कोणता समस्थानिक (फॉस्फरस-32, ट्रिटियम यांसारखा अणुप्रकार) होता, कोणते यंत्र वापरले, कामाआधी त्याची बॅटरी आणि चाचणी-स्रोतावरचा प्रतिसाद पाहिला होता का, पार्श्वभूमीची मोजणी (स्रोत नसतानाही यंत्र दाखवते ती) किती होती आणि शोधक पृष्ठभागापासून किती अंतरावर, किती सावकाश फिरवला, एवढे त्या ओळीत आले पाहिजे. म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला पेन उचलावे की नाही, ते ठरवता येईल.