डोकं निर्दोष आहे

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'फेअरवे वूड जमिनीवरून का लागत नाही'. फेअरवे वूड म्हणजे गोल्फमध्ये गवतावर पडलेला चेंडू लांब मारायचा क्लब, आपली काठी. हे दुखणं माझ्या एकट्याचंच असेल अशी मला धास्ती होती. पण एवढ्या खुर्च्या भरलेल्या बघून वाटतं, साथच आहे. (हशा) टीवरून, म्हणजे छोट्या खुंटीवर चेंडू ठेवून, ड्रायव्हर हा सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब झकास मारायचा, लोखंडी आयर्नवर हात बसलेला, आणि पार फाइव्हच्या, म्हणजे पाच फटक्यांत संपवायच्या होलच्या, दुसऱ्या फटक्याला थ्री वूड काढली की चेंडू सरपटत जाऊन तीस यार्डांवर बसायचा. या बाबतीत आपण सगळे सख्खे.

कारणं तीन आहेत, ती सांगणारच आहे. त्याआधी एक जुनी तक्रार मोकळी करू द्या. चेंडू टॉप झाला, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर बसला, की बरोबरचे तिघं एका सुरात म्हणतात, 'डोकं वर केलंत.' ज्यानं स्वतः आत्ताच टॉप केलाय तो जरा जास्तच जोरात म्हणतो. सात वर्षं मी हे ऐकलं आणि इमानेइतबारे पाळलं. हनुवटी छातीत खुपसून मारायला लागलो, तर मान धरली. चेंडू कुठे गेला ते दिसेनासं झालं, हा त्यातल्या त्यात फायदा. एकानं सुचवलं, चेंडूवर छापलेली अक्षरं वाचत राहा. वाचली, पाठ झाली. चेंडू सरपटतच राहिला.

माझं म्हणणं एवढंच, की हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे. डोकं वर जातं, हे खरं. पण ते एकटं जात नाही, धड घेऊन जातं. आणि धड वर का जातं? कारण आपल्याला चेंडू वर घालवायचा असतो! समोर पाणी असेल तर फारच. आपण मागच्या पायावर रेलतो, खांदा उचलतो, हात आखडतो, चेंडूला काखेत घेऊन पलीकडे पोचवावं तसे. आता हिशेब बघा. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे त्याची कंबर जमिनीपासून साधारण २१ मिलिमीटरवर. तुम्ही धड एक इंच उचललंत, म्हणजे २५ मिलिमीटर, की क्लबची खालची कड थेट कमरेच्या वर आदळते. चेंडू बिचारा जमिनीत दाबला जातो आणि सरपटतो. वर न्यायला गेलो म्हणून तो खाली राहिला.

हे मला कुणा कोचनं नाही सांगितलं. कोचनं सांगितलं होतं, 'झाडू मारल्यासारखा फिरवा.' मी अगदी तसाच फिरवला. गवत स्वच्छ झालं. (हशा) सांगितलं ते बॅग वाहणाऱ्या एका कॅडीनं. त्या दिवशी मी एकाच होलवर तीनदा टॉप केला होता. तो काहीच बोलला नाही. खिशातून एक मोडकी टी काढली, उकिडवा बसला आणि चेंडूच्या पुढे चार बोटांवर ती जमिनीत अशी दाबली की फक्त टोपी दिसावी. म्हणाला, 'साहेब, बॉल राहू द्या. हिला मारा.' मी म्हटलं, अरे, आणि बॉल? 'तो मधे येईल.'

तो मधे आला. गेला कुठे ते विचारू नका, उजवीकडच्या झाडीत गेला. पण उडत गेला, मंडळी! सात वर्षांत पहिल्यांदा मी थ्री वूडनं मारलेला चेंडू हरवला होता. तोवरचे सगळे समोरच सापडायचे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. ब्रॅसीची गंमत राहिली. जुन्या दोन नंबरच्या वूडला तळाशी पितळी पत्रा असायचा, कठीण जमिनीवरून मारताना लाकूड झिजू नये म्हणून. आताच्या वूडमध्ये लाकूड औषधालाही नाही. असो.

तर तीन कारणं, भराभर. एक, झोक्याचा तळ. क्लब वर्तुळात फिरतो आणि त्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या किंचित पुढे पडायला हवा. चेंडू आधी, गवत नंतर. फटका मोजणाऱ्या ट्रॅकमन यंत्राच्या आकड्यांत पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या खेळाडूंची थ्री वूडसुद्धा सरासरी दोन ते तीन अंशांनी खाली उतरत येते, वर चढत नाही. वजन मागच्या पायावर राहिलं की तळ मागे सरकतो. मग एक तर जमीन आधी लागते, नाहीतर क्लब वर चढताना चेंडूच्या डोक्यावर बसतो. फॅट, म्हणजे जमीन आधी लागणं, आणि टॉप ही जुळी भावंडं आहेत. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेपासून दोनतीन इंच आत ठेवा, अगदी टाचेसमोर नको. ती जागा ड्रायव्हरची.

दोन, लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन. थ्री वूडचा साधारण १५ अंश, फाइव्हचा १८, सेव्हनचा २१. चेंडू वर न्यायचं काम या अंशांचं, तुमच्या खांद्याचं नाही. आणि १५ अंशांत तो उठायला क्लबचा वेग लागतो. वेग नसेल तर सेव्हन वूड घ्या, लाजायचं कशाला? थ्री वूडपेक्षा ती लांबच जाईल, कारण ती उडेल.

तीन, लाय, म्हणजे चेंडू जमिनीवर कसा बसलाय ते. चेंडू गवतात खोल बसला असेल तर थ्री वूड बॅगेतून काढूच नका. १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत जीन सॅराझेननं पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून चेंडू थेट होलमध्ये घातला, पार फाइव्हला दोन फटके! तो थ्री वूडनं नव्हे, फोर वूडनं. चेंडू नीट उठावा म्हणून त्यानं जास्त लॉफ्ट घेतला. त्याच्यासारखा खेळाडू कमीपणा मानत नाही, आणि आपण…

दुसरी चिठ्ठी आली. हायब्रिडबद्दल, म्हणजे वूड आणि आयर्नच्या मिश्र क्लबबद्दल, ज्यांना भांडायचंय त्यांनी बाहेर भेटा. मी क्लब आणि एक मोडकी टी घेऊन आलोय, करून दाखवतो. फक्त एक अट. माझा टॉप झाला, तर डोक्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.