स्टाइन २०५१: पाटणच्या शिवारातून

इथून ध्रुव क्षितिजावर जेमतेम वीस अंश दिसतो. त्याच्या बऱ्याच वर, शर्मिष्ठा आणि सारथी यांच्यामध्ये आकाश रिकामंच वाटतं. हा जिराफ तारकासमूह. नुसत्या डोळ्यांना त्यात फारसं काही सापडत नाही. आज आपल्याला तिथल्याच स्टाइन २०५१ नावाच्या ताऱ्यांच्या जोडीकडे जायचंय.

आपण आहोत चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिवारात. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं इथे मठ काढला. त्याला मिळालेल्या दानाची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख इथलाच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. दुर्बीण लावायला खानदेशात याहून योग्य जागा मला सुचली नाही.

दादर ज्वारीच्या शेताच्या बांधावर आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण उभी आहे. “भाऊ, विहिरीवरचा तेवढा दिवा बंद करता का?” म्हटल्यावर मालकांनी तो लगेच विझवला. अशा कामात हीच खरी मदत!

डिसेंबरअखेर, रात्री अकराच्या सुमारास सारथीतल्या ठळक ब्रह्महृदय ताऱ्याकडून ध्रुवाच्या दिशेनं साधारण पंधरा अंश गेलं की जिराफातला बीटा तारा लागतो. तिथून चार अंश पश्चिमेला, जरा दक्षिणेला. पुढे नकाशा आणि धीर. एक अंधूक ठिपका सापडतो आणि त्याला चिकटून, नजर थोडी तिरपी केली तरच दिसणारा दुसरा.

हीच स्टाइन २०५१ ही जोडी. डच पाद्री योहान स्टाइन यांनी १९०८ मध्ये तिची नोंद केली. अंतर अठरा प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या अगदी शेजारी. दोघांतला तेजस्वी तारा लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड तारा, आणि अंधूक दिसतो तो श्वेत बटू. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षाही तो साडेतीनशे पट मंद आहे.

श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा गाभा. हा पृथ्वीपेक्षा थोडाच मोठा, पण वस्तुमान सूर्याच्या दोन तृतीयांश! वस्तुमान जितकं जास्त तितका श्वेत बटू लहान, आणि सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे तो टिकूच शकत नाही, हे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडलं. १९३० मध्ये इंग्लंडला निघालेल्या बोटीवर त्यांनी ते सुरू केलं, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

या ठिपक्याचं वजन मात्र वादात होतं. जुन्या मोजणीत ते इतकं कमी भरे की पोटात लोखंड असावं असं मानावं लागे. मार्च २०१४ मध्ये हा तारा एका दूरच्या ताऱ्याच्या अगदी जवळून सरकला. त्याच्या गुरुत्वानं त्या ताऱ्याचा प्रकाश वाकला आणि ताऱ्याची जागा हलल्यासारखी दिसली. किती? चाळीसगावातून पाहताना दिल्लीतली एखादी वस्तू हरभऱ्याच्या दाण्याएवढी सरकावी, तितकी. कैलाश साहू आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीनं ती सरक मोजली आणि २०१७ मध्ये उत्तर दिलं: ०.६७५ सूर्य. लोखंडाची गरज उरली नाही. कार्बन आणि ऑक्सिजनचा साधा श्वेत बटू, चंद्रशेखरांच्या गणितात चपखल बसणारा. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये लिहिलं होतं की ताऱ्याताऱ्यांमधला हा परिणाम प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही.

शाळेतल्या मुलांना पहिला श्वेत बटू दाखवायचा असेल, तर वैतरणी तारकासमूहातला चाळीस एरिडानी बी कितीतरी सोपा. पण ही जोडी मला अधिक प्रिय आहे, कारण तिची चाल आपल्याला आपल्या शिवारातूनही पकडता येते. आकाशात ती दर वर्षी सुमारे २.४ विकला सरकते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). दोघांमधलं अंतर दहा विकला. म्हणून दुर्बिणीला कॅमेरा जोडता येत असेल, तर या हिवाळ्यात एक फोटो घ्या, मागच्या ताऱ्यांसकट, आणि त्यावर तारीख घाला. चार वर्षांनी तोच भाग पुन्हा टिपा. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवलेत की मागचे तारे जिथल्या तिथे असतील आणि जोडी स्वतःच्या रुंदीएवढी पुढे गेलेली असेल.