मधल्या फळीतलं कार्ड

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'मध्यम श्रेणीचं ग्राफिक्स कार्ड पारखण्याच्या पाच कसोट्या' असं छापलंय. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पीसीतला गेमचं चित्र रंगवणारा भाग. पाच हा आकडा संयोजकांचा. मी एकच सांगणार होतो, पण एका कसोटीला कुणी पाऊण तास देत नाही.

वरच्या टोकाचं कार्ड घ्यायला पैसे लागतात, अक्कल नाही. खालच्या टोकाच्या कार्डाकडून कुणाची अपेक्षाच नसते. मधल्या फळीची गोष्ट निराळी. तिच्याकडून सगळ्यांना सगळं हवं असतं आणि तेही बेताच्या किमतीत, त्यामुळे कुठेतरी कात्री लागलेलीच असते. ती कुठे लागली हे खोक्यावर लिहीत नाहीत. खोक्यावर ड्रॅगन असतो.

आता माझी कर्मकहाणी. ज्यांनी ती आधी ऐकली आहे (पहिल्या रांगेतच तिघं दिसतायत) त्यांनी खुशाल मोबाइल काढावा.

काही वर्षांपूर्वी मी ८ जीबी मेमरीचं एक कार्ड घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. महिनाभर रिव्ह्यू वाचले, वहीत तक्ते केले. ज्या गेमसाठी हा खटाटोप, त्यात सरासरी ७० एफपीएस (सेकंदाला ७० फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळणार होते. घरी मोजले तर ७१! आणि तरीही त्या गेममधल्या बाजाराच्या वळणावर घोडा वळवला की चित्र गचकन थांबायचं, मग पुन्हा चालू. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. माझा भाचा मागे बसून बघत होता. म्हणाला, "मामा, तुझा घोडा लंगडतोय."

दोन महिने मी त्या घोड्याच्या मागे होतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले. रॅम बदलली. पॉवर सप्लाय बदलला. विंडोज नव्याने टाकलं, त्यात लग्नाचे फोटो गेले. तो विषय घरी अजून बंद झालेला नाही. शेवटी कार्ड काखेत मारून सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने चाचणी लावली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. "सर, ७१ येतायत. कार्ड ओके आहे." मी म्हटलं, अहो, पण अडखळतंय! तो म्हणाला, "सरासरीत तसं काही दिसत नाही."

इतकं खरं वाक्य मी त्या दोन महिन्यांत ऐकलं नव्हतं. सरासरीत ते दिसतच नाही! हिशोब बघा. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यातल्या ५९ प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत आल्या, म्हणजे ८२६ झाले. साठावी एकटीच १७४ मिलिसेकंद घेऊन बसली. बेरीज बरोबर १०००. कागदावर ६० एफपीएस, झकास. डोळ्यांना मात्र सेकंदाचा सहावा हिस्सा चित्र गोठलेलं दिसलं. तेवढ्या वेळात शत्रू गोळी घालून पुढच्या कामाला लागलेला असतो.

घोडा बरा केला तो भाच्याने. मी सेटिंगला हात लावू देत नव्हतो, कारण 'अल्ट्रा' साठी, म्हणजे सगळ्यात वरच्या चित्रदर्जासाठी, पैसे मोजले होते. मी फोनवर असताना त्याने टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणले. सरासरी ७१ची ७२ झाली, आणि घोडा लोण्यासारखा पळायला लागला.

झालं होतं असं की गेमला ८ जीबीपेक्षा जास्त व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, हवी होती. उरलेला माल कार्ड पीसीच्या रॅममधून ओढून आणत होतं. आणि त्या कार्डाला लेन (मदरबोर्डाशी जोडणाऱ्या वाटेचे पदर) आठच, माझा मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे त्या वाटेच्या जुन्या, संथ आवृत्तीचा. त्या वाटेने सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात. ह्या वर्गातल्या कार्डाची स्वतःची मेमरी किती वेगवान असते? उदाहरणार्थ एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय घ्या: सेकंदाला २८८ जीबी. विहिरीवर पंप बसवलाय आणि आपण शेजारून तांब्याने पाणी आणतोय, अशातली गत.

बरं, हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. 'टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ सालीच लिहिलं होतं की सेकंदाला किती फ्रेम हे विचारू नका, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजा. माझ्या खरेदीच्या कितीतरी आधी. मी तक्ते करण्यात गुंतलो होतो.

नावावरही भरवसा नको. जीटीएक्स १०६० नावाची दोन कार्डं २०१६मध्ये आली, ६ जीबी आणि ३ जीबी. लोकांना वाटलं फरक मेमरीचा. प्रत्यक्षात एकात १२८० कोअर (हिशोब करणारे छोटे घटक), दुसऱ्यात ११५२. आडनाव एक, पण भाऊ सख्खे नव्हेत. त्याआधीचं जीटीएक्स ९७० तर...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं' लिहिलंय आणि खाली दोन रेघा. म्हणजे पाच. ९७० राहू दे.

तर कसोट्या, पटापट. पहिली, तुमचा मॉनिटर. १०८०पीला फ्रेममागे साधारण २१ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीला ३७ लाख, ४केला ८३ लाख. रिव्ह्यूमधला तुमच्या रेझोल्यूशनचा तक्ता बघा, बाकीचे शेजाऱ्याचे. त्यातही सरासरीशेजारची '१ टक्का लो'ची (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमच्या वेगाची) पट्टी आधी, आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळाचा, आलेख दिला असेल तर त्याहून आधी. रेघ सपाट हवी, करवतीसारखी नको.

दुसरी, मेमरी. एकच कार्ड ८ आणि १६ जीबीत मिळत असेल आणि ते चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर १६. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी सामायिक मेमरी आहे आणि मोठे गेम ते डोळ्यांपुढे ठेवून बनतात.

तिसरी, बस (कार्डाच्या चिपपासून त्याच्या मेमरीपर्यंतची वाट) आणि लेन. आरटीएक्स ३०६० टीआयची बस २५६ बिट होती, ४०६० टीआयची १२८. कमतरता मोठ्या कॅशने (चिपमधल्याच छोट्या, वेगवान मेमरीने) भरून काढलीय, पण रेझोल्यूशन वाढलं की कॅश अपुरी पडू लागते. मदरबोर्ड जुना असेल तर लेन मोजा. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच आहेत.

चौथी, फ्रेम जनरेशनचे आकडे वेगळ्या रकान्यात लिहा. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः रचतं. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउसला प्रतिसाद लवकर मिळत नाही, उलट किंचित उशिरा मिळतो. मुळातले ३० असतील तर १००चा आकडा शोभेचा. डीएलएसएस, एफएसआरचं अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र रंगवून ते मोठं करणं) वेगळं, ते मी बिनदिक्कत वापरतो.

पाचवी, तुमचा प्रोसेसर. रिव्ह्यूवाले सगळ्यात तगडा लावून मोजतात. घरी रेझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस हललेच नाहीत तर अडलंय प्रोसेसरपाशी, नवं कार्ड घेऊन तुम्ही फक्त वीजबिल बदलाल.

आणि सहावी, जी पत्रिकेत नाही: कार्डाची लांबी. माझ्या एका मित्राचं कार्ड दोन बोटांनी लांब, कॅबिनेटमध्ये बसेना. त्याने झाकणच लावलं नाही, चार वर्षं झाली, आत मांजर झोपतं. तिसरी चिठ्ठी येतेय, बसतो.