कोकोच्या पिशवीतली बुरशी

(कोकणातील रोपवाटिकाधारकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बुरशी म्हटलं की रोपवाटिकावाल्याचा हात आधी औषधाच्या डब्याकडे जातो. साहजिकच आहे, मर लागून ओळीच्या ओळी बसलेल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. पण एक बुरशी अशी आहे की ती मुळात शिरते आणि रोपाला जेवू घालते. दुकानात तिला व्हॅम म्हणतात, पुस्तकात मायकोरायझा. हे दुसरं नाव फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली दिलं. अर्थ सरळ आहे, बुरशी-मूळ.

आपल्या जांभ्या मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धरून बसतं. त्यात स्फुरद जागचा हलत नाही, त्यामुळे मुळाने भोवतालचा उचलला की पुढे उपासमार. बुरशीचे धागे मुळावरच्या केसांहूनही बारीक असतात. मूळ पोचत नाही तिथून ते स्फुरद आणतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात. हा व्यवहार डोळ्यांनी पाहता येतो. कोवळी मुळं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करून निवळायची, मग शाई आणि व्हिनेगरमध्ये रंगवायची. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या एकेका पेशीत फांद्या फुटलेलं इवलंसं झाड दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ डोळा काढवेना.

मग कोकोचं रोप वाढवतो त्या पिशवीतल्या मातीत ती आपसूक का नसते? कारण रोगाच्या भीतीने आपण माती उन्हात तापवतो, आणि शत्रूबरोबर हीसुद्धा कमी होऊ शकते. कोकोपीटमध्ये तर ती मुळात नसतेच. (कोकोपीट नारळाच्या काथ्याचं, त्याचा कोकोच्या झाडाशी काही संबंध नाही, हे दरवेळी सांगावं लागतं.) म्हणून ती बाहेरून द्यायची. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, त्यामुळे तिचं विरजण मक्याच्या किंवा नाचणीच्या मुळांवर कुंडीत तयार करतात. शेवटी पाणी तोडून मुळं आणि माती वाळवली की झालं.

कोकोचं बी फळाबाहेर फार दिवस टिकत नाही. गर राखेने चोळून काढून ताजंच पेरावं लागतं. नेमकी तीच वेळ बुरशीची. पिशवीत खड्डा करून आधी चमचाभर विरजण, त्यावर बी. पहिलं मूळ फुटेल ते तिच्यातूनच खाली गेलं पाहिजे. वरून भुरभुरलेलं बरंचसं वाया जातं.

माझी पहिली खेप मीच घालवली. बुरशी घातली, वर सढळ हाताने सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत दिलं आणि आठवड्याने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं पाणी मुळाशी ओतलं. मुळं रंगवून पाहिली तर पेशींत ते इवलंसं झाड एकही नाही. स्फुरद आयता मिळाला की रोप बुरशीला थारा देत नाही, आणि ते औषध तर तिला मारतंच.

पुढच्या वेळी दोन रोपांची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, एक बुरशी दिलेलं, एक न दिलेलं. सूक्ष्मदर्शक आणि शाई मी आणतो.