तीन हेन्री आणि एक कणीस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शेतकऱ्याच्या घरातलं बियाणं गेलं कुठं?’ तिथं मी येणारच आहे. पण वाट अमेरिकेतल्या आयोवातून जाते आणि वाटेत एक घराणं लागतं, वॉलेसांचं. तीन पिढ्या, तिघांचंही नाव हेन्री. आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तिथं मधल्यालाही सोडलं नाही. म्हणून मी त्यांना थोरले, मधले आणि धाकटे म्हणतो. पेशव्यांसारखं. (हशा)

थोरले १८३६ सालचे, पेनसिल्व्हेनियातले. पेशानं पाद्री. भावंडं क्षयानं गेली, यांचीही प्रकृती ढासळली, तेव्हा चर्च सोडून १८७७ मध्ये आयोवातल्या विंटरसेटला येऊन शेतीत पडले. जमीन म्हणाल तर आपल्या काळ्या रानाला लाजवील अशी. नांगर लागण्याआधी तिथं उंच गवताचं रान होतं. त्या जमिनीला ‘पड’ म्हणायची पद्धत आहे, मी म्हणत नाही. सॉक आणि मेस्क्वाकी लोक तिथं राहत होते. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर त्यांच्याकडून ती हिसकावली गेली आणि मग पुढच्या वसाहतवाल्यांना कोरा सातबारा मिळाला. असो. पाद्र्याची प्रवचनाची खोड काही गेली नाही. १८९५ पासून मुलांना हाताशी धरून त्यांनी शेतकऱ्यांसाठी पत्र चालवलं, ‘वॉलेसेस फार्मर’. बायबलचा धडा आणि डुकरांचे भाव एकाच अंकात.

मधले हेन्री आयोवातच, एम्स गावच्या कृषी महाविद्यालयात शिकवत होते. तिथंच एक कृष्णवर्णीय विद्यार्थी वनस्पतिशास्त्र शिकत होता, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. बघा, माना डोलल्या! कार्व्हर आपल्याकडं घरोघरी पोचलेत. त्यांच्याबरोबर एक चिमुरडा रानोमाळ पानंफुलं बघत हिंडायचा, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. तोच आपला धाकटा, जन्म १८८८.

आता खरी गंमत. त्या काळी आयोवात मक्याच्या कणसांच्या सौंदर्यस्पर्धा भरायच्या. ओळी सरळ हव्यात, कणीस बुडापासून शेंड्यापर्यंत भरलेलं हवं, आकार लाटण्यासारखा. परीक्षकांचे परीक्षक होते प्राध्यापक होल्डन. १९०४ मध्ये त्यांनी रेल्वेगाडीतून गावोगाव फिरून स्टेशनास्टेशनावर बियाण्यावर व्याख्यानं दिली. कीर्तनकारच म्हणा, फक्त वीणेऐवजी हातात कणीस.

धाकटा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. त्यानं होल्डनांना विचारलं, “देखणं कणीस जास्त पिकतं, हे कशावरून?” होल्डन म्हणाले, “पेरून बघ,” आणि स्पर्धेतली कणसं त्याच्या हातात दिली. पोरानं काय केलं, तर प्रत्येक कणसाचे दाणे वेगवेगळ्या ओळीत टोकले, हातानं खुरपलं, हातानं काढणी केली आणि ओळवार वजन करून वहीत मांडलं. होल्डनांनी पहिला नंबर दिलेलं कणीस सगळ्यात कमी पिकणाऱ्यांत निघालं!

इथं माझंही एक दुखणं सांगतो, माफ करा. एका प्रदर्शनात मी माझा भोपळा घेऊन गेलो होतो. जरा वाकडा होता. पहिलं बक्षीस दुसऱ्या भोपळ्याला, का, तर तो गोल. माझा तीन किलोनं जास्त होता हो! परीक्षकांनी वजनकाटाच आणला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, “काका, भोपळ्याला बघून घ्यायचं असतं.” (हशा) तेव्हापासून मी जावई बघायलाही वही घेऊन जातो. घराण्याचा वारसा सातबाऱ्यावर नसतो, वहीत असतो, हे माझं आवडतं...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! बरं, मग आता पळतो.

तर बियाणं. मक्याचा तुरा वर आणि कणीस मध्ये, त्यामुळं परागकण वाऱ्यानं कुठूनही येतात. दोन शुद्ध वाण शेजारी लावायचे, एकाचे तुरे खुडायचे, की त्याच्या कणसावर संकर होतो. आयोवातली शाळकरी पोरं अजून उन्हाळ्यात तुरे खुडायला जातात. धाकट्यानं १९२४ मध्ये असं संकरित बी विकलं, पाउंडाला एक डॉलर, आणि १९२६ मध्ये कंपनी काढली. तिच्या नावात पुढं ‘पायोनियर’ लागलं. तेव्हा अमेरिकेत सरासरी एकरी सहा-साडेसहा क्विंटल मका निघायचा, आज त्रेचाळीसच्या वर. त्यात खत आहे, यंत्र आहे, पण सुरुवात बियाण्याची. मेख एवढीच, की या मक्याचे दाणे ठेवून पुन्हा पेरले तर पीक खाली येतं. दरसाल बी विकत आणायचं. १९३३ मध्ये आयोवात हे बी नावापुरतं होतं, दहा वर्षांत जवळजवळ सगळं रान त्याचं झालं. कुणी बंदूक रोखली नव्हती. वहीनंच पटवलं.

मधले १९२१ मध्ये देशाचे कृषिमंत्री झाले, धाकटे १९३३ मध्ये, पुढं उपाध्यक्षही. १९४० मध्ये मेक्सिकोत जाऊन मक्याची दैना बघून आले. त्यातूनच तिथला संशोधनाचा कार्यक्रम उभा राहिला. त्यात नॉर्मन बोरलॉग आले, तेही आयोवाच्या शेतकऱ्याचेच, आणि त्यांचा गहू १९६० च्या दशकात आपल्याकडं आला. ज्वारीचा संकर इथंच झाला. सीएसएच-१ हा वाण १९६४ मध्ये निघाला. वसंतराव नाईकांच्या काळात ‘हायब्रीड’ शब्द गावात शिरला आणि लगेच शिवी झाला. नाजूक पोराला म्हातारे म्हणायचे, “हायब्रीड आहे रे!”

शेवटचं. माझी आजी सुगीत टपोरी कणसं निवडून, जुडी बांधून आढ्याच्या खुंटीला टांगायची. निवडायची नजरेनंच, होल्डनांसारखी. एके वर्षी घरात हायब्रीडची पिशवी आली. आजीनं तिच्यावरचं चित्र बघितलं, बाकी काही बोलली नाही. त्या दिवाळीत खुंटीला आजोबांची बंडी लटकत होती.