पाणी गोड लागतं, पण फ्लोराइड किती?

हे पाणी बघा. काचेच्या ग्लासात घेतलंय, उन्हात धरलंय. आरपार दिसतंय, वास नाही, गाळ नाही, आणि चव एवढी गोड की आलेला पाहुणा आणखी एक ग्लास मागून घेतो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या आजूबाजूला असे हापसे आहेत ज्यांच्या पाण्याला कुणी नाव ठेवणार नाही, आणि त्याच गावात आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. बाहेरून आलेला माणूस म्हणतो, खर्रा खाते काय रे हे पोरगं? अहो, कशाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. ते फ्लोराइड आहे. खोल बोअरमध्ये खडकातून विरघळून पाण्यात उतरतं, आणि जिभेला त्याचा पत्ताच लागत नाही.

तिकडे अकोला-बुलढाण्याकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात निदान घोट घेतला की कळतं, पाणी खारट आहे, माणूस तोंड वाकडं करतो आणि दुसरं पाणी शोधतो. इथे तसं नाही. इथे मोजावंच लागतं.

तर आता आपण बाटलीच्या मागे जाऊया. खरं सांगायचं तर टेस्टिंगमधला अर्धा घोळ लॅबमध्ये नाही, हापशावरच होतो. रासायनिक तपासणीचं पाणी घ्यायचं तर आधी हापसा चार-पाच मिनिटं हापसायचा, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, मग स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून भरायचा. पण जंतूंसाठीची बाटली वेगळी. ती लॅबमधून निर्जंतुक करून येते आणि ती अजिबात खळबळायची नाही, कारण आत चिमूटभर सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. ते कशाला? तर पाण्यात क्लोरीन असेल तर रस्त्यात जंतू मरत राहतात आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत सगळं छान-छान दिसतं, म्हणून ते क्लोरीन तिथल्या तिथे मारून टाकायचं. गावात पाणी होतं तसंच टेबलावर यायला पाहिजे. मग बर्फाच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर पोचवायचं, 24 तासांच्या वर तर नाहीच. आम्ही शूटिंगला होतो त्या दिवशी एक काका कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन आले, बुचाला अजून साखर चिकटलेली! लॅबमधल्या ताईंनी शांतपणे नवी बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, काका, उद्या परत या.

फ्लोराइड मोजायचं काम तसं दिसायला काहीच नाही. नमुन्यात एक बफर टाकतात, ते अशासाठी की लोह-ॲल्युमिनियमने धरून ठेवलेलं फ्लोराइड सुटं व्हावं, मग इलेक्ट्रोड बुडवायचा आणि आकड्याची वाट बघायची. त्याआधी माहीत असलेल्या तीव्रतेची द्रावणं लावून मशीन तपासून घेतात, नाहीतर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 10500 काय म्हणतं, तर लिटरला 1 मिलिग्रॅम ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5. नायट्रेटला मात्र 45 च्या पुढे अशी काही सूट नाही, दुसरा स्रोत असो की नसो. शेतातलं खत, शौचालयाचे खड्डे, गोठ्याचं पाणी, सगळं शेवटी विहिरीतच झिरपतं ना.

आता माझा आवडता भाग. ही टेस्ट ट्यूब बघा, आत अजून एक छोटीशी नळी उलटी बुडवलीये. ट्यूबमध्ये जंतूंचं खाणं आहे, त्यात गावचं पाणी टाकायचं आणि 35 ते 37 अंशांच्या पेटीत ठेवून द्यायचं. कोलिफॉर्म, म्हणजे आतड्यात आणि मातीतही सापडणाऱ्या जंतूंचा गट, असतील तर ते खातात, आंबवतात, गॅस सोडतात, आणि सकाळी त्या उलट्या नळीत एक बुडबुडा अडकलेला दिसतो. बस्स, एवढासा बुडबुडा. किती ट्यूबांमध्ये आला ते मोजून तक्त्यावरून अंदाज काढतात, आणि विष्ठेतला ई-कोलाय आहे का ते बघायला पुढे 44.5 अंशांवर वेगळी कसोटी लावतात. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय किती चालतो? एकही नाही.

आणि ते टीडीएस मीटर, जे पेनासारखं खिशात ठेवून प्युरिफायर विकणारे दारोदार फिरतात, ते यातलं काहीही सांगत नाही हं. ते पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळालाही ते मस्त 150 दाखवेल आणि आपण खूश. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदोशी या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे, पेशंट वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे गेल्या. तो जंतू खिशातल्या मीटरवर दिसत नाही.

जंतूंना निदान उकळणं हा उपाय आहे. फ्लोराइडचं पाणी उकळलं तर उलट वाफ जाते आणि फ्लोराइड तिथेच, आणखी दाट होऊन. त्यासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नलगोंडा पद्धत काढली, पाण्यात चुना आणि तुरटी ठरलेल्या मापात टाकायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा. स्वस्त आहे, पण रोज करायचं म्हणजे कुणीतरी रोज करायला पाहिजे, आणि गाडी नेहमी तिथेच अडते.

संध्याकाळी आम्ही परत गावात. इथे बोअरच्या जोडीला नळयोजना आहे, आणि गावच्या पाण्याची देखरेख करणारे जलसुरक्षक दादा लाइनच्या अगदी शेवटच्या घरी थांबलेत, मुद्दाम शेवटच्या, कारण टाकीजवळ क्लोरीन सापडणारच. छोट्या नळीत पाणी घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकले. पिवळा रंग यायला पाहिजे, म्हणजे लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे.

रंग आला नाही.

दादांनी नळी उजेडात धरली, पुन्हा बघितली. टीसीएल, म्हणजे टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर, ताजी असते तेव्हा तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं. "पोतं जुनं झालं वाटतं," एवढंच बोलून त्यांनी नळी धुतली, खिशात ठेवली, घरातल्या आजींना सांगितलं की आज पाणी उकळून प्या, आणि सायकल टाकीच्या दिशेने वळवली.