परदेशातला घटस्फोट आणि आपलं कोर्ट

[दृश्य: टेबलावर उघडलेली फाइल. कॅमेरा एका पानावर थांबतो.]

ही घटस्फोटाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा. नमुन्यादाखल केलेली, पण खऱ्या डिक्र्या अशाच दिसतात. वर परदेशी कोर्टाचं नाव, खाली क्लार्कची सही, कोपऱ्यात उठावाचा शिक्का. शेवटच्या पानावर लिहिलंय की विवाह संपुष्टात आला आहे. ज्याच्या हाती ही पडली तो तिथल्या कायद्याने मोकळा झाला, नवं लग्नही करू शकतो.

इथला वकील मात्र शेवटच्या पानाकडे नंतर वळतो. आधी तो मधली एक ओळ शोधतो: प्रतिवादी हजर होती का? नोटीस मिळाली होती का? मिळाली असेल, तर तिने काय उत्तर दिलं? या निवेदनात आपण बहुतेकदा 'ती' म्हणू, कारण गाजलेल्या खटल्यांत परदेशी गेलेला नवरा आणि मागे राहिलेली बायको अशीच जोडी आहे. डिक्री बायकोने आणली, तरी कसोट्या त्याच.

एक गैरसमज आधीच दूर करू. पुण्याच्या फॅमिली कोर्टाने दिलेला घटस्फोट बंगळुरूत किंवा भोपाळमध्ये पुन्हा मान्य करून घ्यावा लागत नाही. राज्यघटनेच्या कलम २६१ नुसार देशभर न्यायालयीन कामकाजाला पूर्ण मान द्यायचा असतो. प्रश्न उभा राहतो तो देशाची सीमा ओलांडली की.

[दृश्य: दिवाणी प्रक्रिया संहितेची जुनी, वापरून मऊ झालेली प्रत.]

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. कलम १३. परदेशी कोर्टाचा निकाल इथे निर्णायक मानायचा, असं हे कलम म्हणतं आणि लगेच सहा अपवाद सांगतं. त्या कोर्टाला अधिकारक्षेत्रच नव्हतं, निकाल गुणदोषांवर दिलेला नाही, जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे तो नाकारला, नैसर्गिक न्याय, म्हणजे आपली बाजू मांडायची खरी संधी, पाळला नाही, फसवणूक झाली, किंवा मागणीच भारतीय कायद्याच्या भंगावर उभी होती. यांतलं एक जरी सिद्ध झालं, तरी ती डिक्री इथे चालत नाही.

फसवणुकीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो जालंधरच्या एका खटल्यात. लग्न १९५५ चं. नवरा १९५९ मध्ये अमेरिकेला गेला. बायको दोन मुलांसह इथेच. १९६४ च्या अखेरीस नवऱ्याने नेवाडा राज्यातून घटस्फोट मिळवला. नेवाडाच का? तिथे सहा आठवडे राहिलं की घटस्फोटाचा अर्ज करता यायचा, आणि त्यासाठी देशभरातून माणसं तिथे यायची. आपण इथलेच रहिवासी आहोत, असं नवऱ्याने कोर्टाला सांगितलं. काम झाल्यावर तो नेवाडात राहिला नाही. इकडे बायकोने पोटगी मागितली, तेव्हा त्याने हीच डिक्री पुढे केली. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी निकाल दिला: रहिवासाबद्दल खोटं सांगून अधिकारक्षेत्र मिळवलं, म्हणून ही डिक्री भारतात बंधनकारक नाही.

[दृश्य: नकाशा. तिरुपती, न्यू ऑर्लिन्स, सेंट लुईस.]

मात्र आज वकील ज्या निकालावर बोट ठेवतात तो १९९१ चा. हा खटला जरा निवांत पाहायला हवा.

लग्न तिरुपतीत, फेब्रुवारी १९७५ मध्ये, हिंदू पद्धतीने. तीन वर्षांत दोघं वेगळी झाली. नवऱ्याने आधी तिरुपतीच्या कोर्टातच घटस्फोटाचा अर्ज केला, आणि त्यात आपला पत्ता दिला लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सचा. तो अर्ज प्रलंबित असताना त्याने मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टात दुसरा अर्ज टाकला. तिथे म्हणाला, मी नव्वद दिवसांहून जास्त काळ मिझुरीचा रहिवासी आहे. नव्वद दिवस ही तिथली अट होती.

बायको अमेरिकेला गेली नाही. तिने लेखी उत्तर पाठवलं, आणि त्यात स्पष्ट नोंदवलं की हे उत्तर मी हरकत राखून देते आहे, तुमच्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मला मान्य नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये तिच्या गैरहजेरीत डिक्री झाली. कारण एकच: विवाह पुन्हा सांधता येणार नाही इतका तुटला आहे. नवऱ्याने नोव्हेंबर १९८१ मध्ये यादगिरीगुट्ट्याला दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विभार्या विवाहाची फौजदारी तक्रार दाखल केली.

मॅजिस्ट्रेटने डिक्रीची झेरॉक्स पाहून आरोपींना सोडून दिलं. उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. प्रकरण दिल्लीला गेलं आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकालपत्र लिहिलं. त्यांनी धरलेलं सूत्र असं: ज्या विवाह कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्यात बसणारं अधिकारक्षेत्र आणि त्याच कायद्यात असलेलं कारण, दोन्ही हवं. 'लग्न तुटलंय' हे कारण हिंदू विवाह कायद्यात नव्हतं. ते आजही नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या कारणावर घटस्फोट देता येतो असं म्हटलं, पण तो राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा त्या न्यायालयाचा स्वतःचा अधिकार आहे. फॅमिली कोर्टाकडे तो नाही.

सूत्राला सावंतांनी तीन अपवाद ठेवले. समोरचा पक्ष जिथे कायमचा राहतो तिथल्या कोर्टात अर्ज झाला असेल, आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल. किंवा समोरचा पक्ष स्वतःहून, खऱ्या अर्थाने त्या कोर्टापुढे आला आणि आपल्या कायद्यातल्या कारणावर लढला असेल. किंवा घटस्फोटाला त्याची संमती असेल. नुसतं समन्स पोचलं म्हणजे नैसर्गिक न्याय झाला, हेही त्यांनी मान्य केलं नाही. तिला तिथे जाऊन लढणं परवडत होतं का? प्रवास, मुक्काम, वकील यांचा खर्च नवऱ्याकडून मिळेल अशी सोय परदेशी कोर्टाने केली होती का? निवेदकाला विचाराल तर या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. तिरुपतीहून सेंट लुईसला तारखेला जाणं म्हणजे काय, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

[दृश्य: लॅपटॉपवर घटस्फोटाचा ऑनलाइन फॉर्म.]

पेच पुढे वाढतच गेला. कॅलिफोर्नियाने दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा १९७० पासून लागू केला. २०१० मध्ये न्यूयॉर्कही त्या वाटेने गेलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०२२ पासून कुणावरही आरोप करावा लागत नाही. विवाह संपला आहे एवढं निवेदन पुरतं. तिकडे ही सुधारणा. पण आपल्या कलम १३ पुढे ती डिक्री आली, की 'कारण' या रकान्यात नेमकं तेच लिहिलेलं असतं जे हिंदू विवाह कायद्यात सापडत नाही. एकतर्फी डिक्री इथेच अडते. दोघांनी मिळून अर्ज केला असेल, किंवा समोरच्याची लेखी संमती रेकॉर्डवर असेल, तर मार्ग बराच मोकळा होतो, कारण परस्पर संमती आपल्याकडेही हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये आहे.

आता समजा नोटीस तुमच्या दारात आली. कुरियरने. समन्स बजावणीच्या हेग करारात भारत २००६ मध्ये सामील झाला, तेव्हा परदेशातून थेट टपालाने समन्स पाठवण्याला त्याने आक्षेप नोंदवला. बजावणी केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयामार्फत व्हायला हवी. तरीही पाकीट न उघडता कपाटात टाकणं हा सल्ला कुठलाच शहाणा वकील देणार नाही. तिरुपतीच्या बाईंनी केलं ते करायचं: मुदतीत उत्तर, आणि पहिल्याच परिच्छेदात अधिकारक्षेत्रावर हरकत. हरकत न घेता मुद्द्यांवर लढायला उतरलात, तर उद्या इथे 'तुम्ही तर हजर झाला होतात' हे ऐकावं लागतं.

ज्यांना डिक्री इथे चालवायची आहे, त्यांची अर्धी लढाई कागदांची. झेरॉक्स चालत नाही. तिरुपतीच्या खटल्यात क्लार्कच्या कार्यालयाचा दाखला होता, तरी भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून ती प्रत पुराव्यात टिकली नाही. प्रमाणित प्रत मात्र समोर आली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४ खाली कोर्ट गृहीत धरतं की परदेशी कोर्टाला अधिकार होता. ते खोडून काढण्याचं काम समोरच्याचं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी दाखला. त्या करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे करारातल्या देशांतून प्रत अपोस्टिल करून मागवतात. अर्ज, बजावणीचा पुरावा, समोरच्याचं उत्तर, संमतीपत्र हेही सोबत मागवावं. एकट्या डिक्रीवरून ती कशी मिळाली ते कळत नाही.

भारतात असं एखादं कार्यालय नाही, जिथे परदेशी घटस्फोटाची नोंद करून शिक्का मिळेल. संमतीची डिक्री असेल तर अनेकांना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वाद असेल, किंवा पुढच्या लग्नाआधी खात्री हवी असेल, तर फॅमिली कोर्टात वैवाहिक दर्जाच्या घोषणेचा दावा लावतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम ७ त्याची सोय करतं. खात्री न करता दुसरं लग्न केलं आणि डिक्री टिकली नाही, तर ते लग्न रद्दबातल, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेची टांगती तलवार.

पोटगीचा हिशेब निराळा. पैशाच्या डिक्रीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ आहे. ब्रिटन, सिंगापूर, २०२० पासून संयुक्त अरब अमिराती अशा अधिसूचित देशांच्या वरिष्ठ न्यायालयांची डिक्री असेल तर जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. तिथेही कलम १३ चे अपवाद लागूच. अमेरिका त्या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे नव्याने दावा लावावा लागतो, आणि त्याची मुदत तीन वर्षं.